लिनक्स लॅपटॉपवर वायर आणि वायफाय यांची आपोआप अदलाबदल: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मुंबईत कामाला जाणाऱ्या माणसाचा लॅपटॉप दिवसभरात कितीतरी नेटवर्कं बदलतो. घरी केबलवाल्याच्या राउटरची वायर, लोकलमध्ये फोनचा हॉटस्पॉट, ऑफिसात डेस्कवरची लॅन, मीटिंग रूममध्ये वायफाय. दर वेळी हाताने जोडतोड करावी लागू नये, ही अपेक्षा रास्त आहे आणि लिनक्स ती नीट पूर्ण करतं. अडतं ते एकाच ठिकाणी: ‘केबल जोडलेली आहे’ आणि ‘इंटरनेट चालू आहे’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे लक्षात येत नाही. खालचे निम्मे प्रश्न त्यातूनच आलेले आहेत.

उत्तरं नेटवर्कमॅनेजर (नेटवर्कच्या जोडण्या सांभाळणारा प्रोग्रॅम) वापरणाऱ्या लिनक्स वितरणांसाठी आहेत, म्हणजे उबुंटू, लिनक्स मिंट, फेडोरा आणि डेबियनचा डेस्कटॉप. आज्ञा उच्चारानुसार देवनागरीत लिहिल्या आहेत. टर्मिनलवर त्या रोमन अक्षरांत द्यायच्या.

वायर लावली की वायर, काढली की वायफाय. एवढंच हवंय. काय इन्स्टॉल करू?

काहीही नको. रेड हॅटने २००४ साली नेटवर्कमॅनेजर सुरू केला तो लॅपटॉप घेऊन हिंडणाऱ्यांना डोळ्यांसमोर ठेवूनच, आणि ही अदलाबदल हे त्याचं मूळ काम आहे. वायरचा प्रोफाइल, म्हणजे जोडणीची साठवलेली मांडणी, तो स्वतः बनवतो. वायफायचा पासवर्ड एकदा दिलात की लक्षात ठेवतो. दोन्ही प्रोफाइलांवर ‘आपोआप जोडा’ची खूण असली की पुरे.

जुन्या लेखांत इफप्लगडी, गेसनेट, विकिड अशी नावं सापडतील. विकिडमध्ये ‘वायर मिळाली की वायरवर जा’ असा सरळ पर्याय होता आणि त्या काळी तो फार उपयोगी होता. पण विकिड पायथन भाषेच्या जुन्या, दुसऱ्या आवृत्तीवरच राहिला आणि वितरणांनी तो काढून टाकला. असं एखादं जुनं अवजार आज नेटवर्कमॅनेजरच्या जोडीला बसवलंत तर दोघंही एकाच कार्डावर हक्क सांगतात आणि नेट सारखं तुटत राहतं. नेटवर्कचा कारभार एकाकडेच ठेवा.

वायर लावली तरी वायफाय जोडलेलंच दिसतं. म्हणजे अदलाबदल झालीच नाही ना?

झाली आहे. वायर आल्यावर नेटवर्कमॅनेजर वायफाय तोडत नाही. दोन्ही जोडलेली ठेवतो आणि बाहेर जायचा रस्ता तेवढा बदलतो.

हे कसं चालतं ते एकदा समजून घ्या, पुढचं सगळं सोपं जाईल. प्रत्येक जोडणीच्या डीफॉल्ट रूटला, म्हणजे इंटरनेटकडे जायच्या रस्त्याला, एक आकडा मिळतो, त्याला मेट्रिक म्हणतात. ज्याचं मेट्रिक कमी, तो रूट कर्नल (लिनक्सचा गाभा) निवडतो. नेटवर्कमॅनेजर वायरला १०० देतो, वायफायला ६००, सिमकार्डाच्या मोडेमला ७००, ब्लूटूथला ७५०. व्हीपीएनला ५० मिळतं, म्हणून व्हीपीएन सुरू केलं की ते सगळ्यांच्या पुढे जातं. वायर आणि वायफाय दोन्ही चालू असताना १०० आणि ६०० असे दोन रूट शेजारी शेजारी असतात आणि सगळी रहदारी १०० वाल्यावरून जाते. केबल निघाली की तो रूट पुसला जातो. ६०० वाला आधीपासून तयारच असतो. पासवर्डची तपासणी, आयपी पत्ता मिळणं, सगळं उरकलेलं असतं. वायफाय मागे जोडलेलं ठेवण्याचा फायदा हाच.

केबल निघाल्यावर नेटवर्कमॅनेजर काही सेकंद वाट पाहतो. क्लिप सैल असल्याने क्षणभर संपर्क गेला आणि परत आला, तर उगाच सगळं मोडायला नको म्हणून. तेवढा वेळ नेट अडकल्यासारखं वाटतं, ते स्वाभाविक आहे.

रहदारी खरंच वायरवरून जाते आहे, हे कसं तपासायचं?

कोपऱ्यातल्या चिन्हावर विसंबू नका. ‘आयपी रूट गेट १.१.१.१’ ही आज्ञा द्या. उत्तरात ‘डेव्ह’ या शब्दापुढे जे नाव येईल, त्या वाटेने पाकिटं जात आहेत. नाव ‘ईएन’ने सुरू होत असेल तर वायर, ‘डब्ल्यूएल’ने सुरू होत असेल तर वायफाय. नुसतं ‘आयपी रूट’ दिलंत तर सगळे रूट त्यांच्या मेट्रिकसकट दिसतात. आयपीव्ही६ (इंटरनेट पत्त्यांची नवी पद्धत; जुनी ती आयपीव्ही४) साठी ‘आयपी -६ रूट’ वेगळं बघा. हे ‘वेगळं’ का म्हणतो आहे, ते हॉटस्पॉटच्या प्रश्नात येईल.

केबल लावलेली आहे, पोर्टचा दिवा लुकलुकतोय, पण इंटरनेट नाही. लॅपटॉप वायफायवर का जात नाही?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हा, आणि पावसाळ्यात तर रोजचा.

लॅपटॉपला फक्त त्याच्या केबलच्या दुसऱ्या टोकाशी काय आहे तेवढंच कळतं. तिथे चालू राउटर असेल तर लिंक ‘चालू’. कर्नल हे एका छोट्या फाइलमध्ये नोंदवतो: ‘सिस’, ‘क्लास’, ‘नेट’ या डिरेक्टरींखाली इंटरफेसच्या नावाच्या डिरेक्टरीत ‘कॅरिअर’ नावाची फाइल असते, तिच्यात १ किंवा ०. तुमचा राउटर इन्व्हर्टरवर असेल, तर बाहेर रस्ता खणताना फायबर तुटली तरी, गच्चीवरच्या स्विचची वीज गेली तरी, त्या फाइलमध्ये १ च राहतो. लॅपटॉपच्या दृष्टीने वायर ठणठणीत आहे.

यावर उपाय म्हणजे नेटवर्कमॅनेजरची कनेक्टिव्हिटी तपासणी. ठरावीक वेळाने तो एका ठरलेल्या पत्त्यावरून छोटासा मजकूर मागवून पाहतो. अपेक्षित उत्तर आलं तर जोडणी ‘फुल’. लॉगिनचं पान समोर आलं तर ‘पोर्टल’. जोडणी आहे पण इंटरनेट नाही, तर ‘लिमिटेड’. आणि ज्या जोडणीला पूर्ण इंटरनेट मिळत नाही, तिच्या मेट्रिकमध्ये तो २०००० ची भर घालतो. वायरचे १०० होतात २०१००. आता वायफायचे ६०० त्याहून कमी, म्हणून रहदारी आपोआप तिकडे वळते. इंटरनेट परत आलं की पुढच्या तपासणीत दंड काढला जातो आणि वायर पुन्हा पुढे. ‘आयपी रूट’मध्ये २०१०० किंवा २०६०० असे आकडे दिसले तर ते इथून आले आहेत.

तपासणीचं सध्याचं उत्तर नेटवर्कमॅनेजरच्या ‘एनएमसीएलआय नेटवर्किंग कनेक्टिव्हिटी चेक’ या आज्ञेने बघा. तिची मांडणी फेडोरा, उबुंटू आणि डेबियन यांच्याकडे नेटवर्कमॅनेजरच्या ‘कॉन्फिग-कनेक्टिव्हिटी’ नावाच्या स्वतंत्र पॅकेजात असते. ते बसवलेलं नसेल तर बसवा. तपासणीचा ठरलेला काळ ३०० सेकंद आहे. म्हणजे नेट गेल्यावर लॅपटॉपला कळायला पाच मिनिटं लागू शकतात, आणि ऑनलाइन मीटिंगमध्ये पाच मिनिटं फार होतात. ‘ईटीसी’खाली नेटवर्कमॅनेजरच्या ‘कॉन्फ.डी’ डिरेक्टरीत एक फाइल करून, ‘कनेक्टिव्हिटी’ विभागात ‘इंटरव्हल’ ६० ठेवा आणि सेवा रीस्टार्ट करा. तपासणी म्हणजे तुमच्या वितरणाच्या सर्व्हरकडे दर मिनिटाला जाणारी विनंती आहे, हे माहीत असू द्या. ते पटत नसेल तर ‘यूआरआय’ आणि ‘रिस्पॉन्स’ बदलून स्वतःचा सर्व्हर देता येतो.

तपासणी चालू केली. तरी नेट गेल्यावर लॅपटॉप जागेवरच!

तुमचं वायफाय कुठल्या राउटरचं आहे? बहुतेक घरांत वायर आणि वायफाय एकाच डब्यातून येतात. फायबर तुटली की दोन्ही एकदम जातात. लॅपटॉपकडे दोन जोडण्या आहेत, पण बाहेर जायचा रस्ता एकच होता.

फोनचा हॉटस्पॉट चालू केला तरी लॅपटॉप आपणहून त्याकडे जाणार नाही. वायफाय एकदा एका नेटवर्कला जोडलं की, केवळ इंटरनेट नाही म्हणून नेटवर्कमॅनेजर ते सोडून दुसरं नेटवर्क शोधत नाही. घरी कायम वायरवरच बसत असाल तर घरच्या वायफायच्या प्रोफाइलची ‘आपोआप जोडा’ची खूण काढून टाका. मग वायफाय कार्ड मोकळं राहील आणि हॉटस्पॉट चालू करताच तो पकडेल. घरून काम करणाऱ्यांना मी हीच मांडणी सुचवतो. एकाच राउटरची वायर आणि वायफाय ही जोडी केबल काढून सोफ्यावर बसायला छान आहे, नेट गेल्यावर तिचा आधार नाही.

वायर लावलेली असतानाही फोनचा डेटा संपतो. रूट तर वायरचाच दाखवतोय!

आयपीव्ही४ चा रूट वायरचा आहे. आयपीव्ही६ चा बघितलात का?

होतं असं. मोबाइल नेटवर्कं आयपीव्ही६ देतात. जिओची सेवा २०१६ साली सुरू झाली तीच आयपीव्ही६ घेऊन. अँड्रॉइडचा हॉटस्पॉट तो पत्ता लॅपटॉपपर्यंत पोचवतो. उलट चाळीत किंवा सोसायटीत लाइन देणारे कितीतरी लहान केबलवाले आजही फक्त आयपीव्ही४ देतात. आता लॅपटॉपकडे आयपीव्ही४ चे दोन रूट आहेत, त्यात वायर जिंकते. आयपीव्ही६ चा मात्र एकच रूट आहे, हॉटस्पॉटचा. स्पर्धाच नाही, मग मेट्रिक कितीही असो. ब्राउझरला एखाद्या साइटचे दोन्ही प्रकारचे पत्ते मिळाले तर तो सहसा आयपीव्ही६ आधी धरतो. मोठ्या व्हिडिओ साइट, सॉफ्टवेअर अपडेटचे सर्व्हर, यांतले पुष्कळ आयपीव्ही६ वर आहेत. म्हणजे सगळ्यात वजनदार रहदारी नेमकी फोनवरून जाते आणि वायर हलकंसलकं काम करत बसते.

उपाय दोन. हॉटस्पॉटच्या प्रोफाइलमध्ये ‘आयपीव्ही६.नेव्हर-डीफॉल्ट’ला ‘येस’ द्या: ‘एनएमसीएलआय कनेक्शन मॉडिफाय’, मग प्रोफाइलचं नाव, मग हे. किंवा वायर लागताच वायफाय पूर्णच बंद होईल असं करा, ते पुढच्या उत्तरात आहे. वायरवर आयपीव्ही६ येत असेल तर हा त्रास होत नाही, म्हणून आपल्या केबलवाल्याकडे आयपीव्ही६ जरूर मागा. मागणारेच नसतील तर तो कशाला देईल?

हॉटस्पॉटचा प्रोफाइल ‘मीटर्ड’, म्हणजे डेटा मोजून मिळणारा, आहे ना, तेही बघून घ्या. अँड्रॉइड हे डीएचसीपीमधूनच (आयपी पत्ता वाटणाऱ्या यंत्रणेतूनच) कळवतो आणि नेटवर्कमॅनेजर ते ओळखतो, पण ‘कनेक्शन.मीटर्ड’ला स्वतः ‘येस’ देऊन ठेवणं जास्त भरवशाचं.

वायर लागताच वायफायचा रेडिओच बंद व्हावा, काढली की चालू व्हावा. जमेल?

जमेल. बॅटरी वाचते, वरचा आयपीव्ही६ चा घोळ मिटतो, आणि काही ऑफिसांत एकाच वेळी दोन नेटवर्कांवर असायला मनाई असते, तिथे तर हे करावंच लागतं.

सोपा रस्ता टीएलपीचा. टीएलपी बॅटरी वाचवणारा प्रोग्रॅम म्हणून प्रसिद्ध आहे, पण त्याच्या ‘टीएलपी-आरडीडब्ल्यू’ या जोडपॅकेजात नेमकी हीच सोय आहे. ‘ईटीसी’मधल्या ‘टीएलपी.कॉन्फ’ फाइलमध्ये ‘डिव्हाइसेस टू डिसेबल ऑन लॅन कनेक्ट’ आणि ‘डिव्हाइसेस टू एनेबल ऑन लॅन डिस्कनेक्ट’ अशा दोन ओळी आहेत. दोन्हींत ‘वायफाय’ लिहा. डॉकसाठीही तशाच ओळी आहेत. मात्र टीएलपी आणि पॉवर-प्रोफाइल्स-डीमन (वीजवापर ठरवणारी दुसरी सेवा) एकत्र नांदत नाहीत. तुमच्या ग्नोम डेस्कटॉपमध्ये ‘बॅलन्स्ड’, ‘पॉवर सेव्हर’ असे पर्याय दिसत असतील तर दोहोंपैकी एक निवडावं लागेल.

फक्त एवढ्यासाठी टीएलपी नको असेल तर डिस्पॅचरची स्क्रिप्ट लिहा. ‘ईटीसी’खाली नेटवर्कमॅनेजरच्या ‘डिस्पॅचर.डी’ डिरेक्टरीतली प्रत्येक स्क्रिप्ट जोडणी बदलली की चालवली जाते. तिला पहिलं आर्ग्युमेंट इंटरफेसचं नाव मिळतं, दुसरं घटनेचं: ‘अप’, ‘डाउन’ वगैरे. नाव ‘ईएन’ने सुरू होतं आणि घटना ‘अप’ आहे, तर ‘एनएमसीएलआय रेडिओ वायफाय ऑफ’. घटना ‘डाउन’ असेल तर त्याच आज्ञेत ‘ऑन’. दहा ओळींच्या आत होतं. स्क्रिप्टचा मालक ‘रूट’ हा प्रशासक वापरकर्ता असला पाहिजे (रस्त्याचा रूट वेगळा), ती एक्झिक्युटेबल असली पाहिजे, आणि रूटशिवाय दुसऱ्या कुणाला त्यात लिहिता येता कामा नये. यातलं एक जरी चुकलं तरी नेटवर्कमॅनेजर ती चालवत नाही. स्क्रिप्ट काहीच करत नसेल तर आधी परवानग्या बघा.

एक खाचखळगा मात्र लक्षात ठेवा. वायर लावलेली असतानाच लॅपटॉप पूर्ण बंद केला, तर ‘वायफाय बंद’ ही स्थिती नेटवर्कमॅनेजर लिहून ठेवतो. संध्याकाळी दादरहून सुटलेल्या गाडीत लॅपटॉप उघडलात, तर तिथे वायर निघाल्याची घटना घडतच नाही आणि वायफाय बंदच राहतं. तेव्हा हाताने ‘एनएमसीएलआय रेडिओ वायफाय ऑन’ द्या, किंवा लॅपटॉप सुरू होताना एकदा तपासून वायर नसेल तर रेडिओ चालू करणारी सिस्टमडीची, म्हणजे लिनक्स सुरू करणाऱ्या यंत्रणेची, छोटी सेवा लिहा. लॅपटॉपला बाजूला वायफायचं बटण असेल आणि ते बंद असेल तर कुठलीच स्क्रिप्ट ते उघडू शकत नाही. ‘आरएफकिल लिस्ट’मध्ये ‘हार्ड ब्लॉक्ड’पुढे ‘येस’ दिसेल.

अदलाबदल होताना व्हिडिओ कॉल अडकतो आणि एसएसएच (दूरच्या सर्व्हरवरचं टर्मिनल) तुटतं. हे टाळता येईल का?

पूर्णपणे नाही, आणि तो लिनक्सचा दोष नाही. टीसीपीची (इंटरनेटवर डेटा नेण्याच्या नेहमीच्या पद्धतीची) जोडणी चार गोष्टींना बांधलेली असते: तुमचा पत्ता, तुमचा पोर्ट क्रमांक, समोरचा पत्ता, समोरचा पोर्ट क्रमांक. वायरवर तुमचा पत्ता वेगळा, वायफायवर वेगळा. पत्ता बदलला की जुनी जोडणी समोरच्याच्या लेखी अनाथ होते. साधी वेबपानं नवी जोडणी उघडून पुढे जातात, म्हणून तिथे कळतही नाही. एसएसएचचं सत्र मात्र गोठतं.

वायफायवर असताना सुरू केलेलं काम वायर लावल्यावर कधी चालू राहतं, कधी नाही, याचं कोडं पुष्कळांना पडतं. वायफाय जोडलेलंच असल्याने जुना पत्ता जिवंत असतो. पाकिटं वायरवरून निघतात, पण त्यांच्यावर वायफायचा पत्ता असतो. दोन्ही एकाच राउटरची असतील तर राउटरला ते चालतं आणि काम सुरू राहतं. वायफाय हॉटस्पॉटचं आणि वायर ऑफिसची असेल, तर ऑफिसच्या राउटरला तो पत्ता परका, आणि जोडणी लटकते.

एसएसएचसाठी मोश वापरा. पत्ता बदलला तरी त्याचं सत्र टिकतं. सर्व्हरवर टीमक्स (टर्मिनलचं काम मागे चालू ठेवणारा प्रोग्रॅम) ठेवलंत तर जोडणी तुटली तरी काम तुटत नाही. व्हीपीएनमध्ये वायरगार्ड हे बदल शांतपणे पचवतो, कारण पत्ता बदलणार हे त्यात गृहीतच धरलेलं आहे. सगळी रहदारी वायरगार्डमधून जात असेल तर आतल्या टीसीपी जोडण्यांचा पत्ता बदलत नाही आणि त्या वाचतात. ज्यांना दिवसातून चार वेळा डेस्क सोडून उठावं लागतं, त्यांच्यासाठी याहून चांगला मार्ग मला दिसत नाही.

बॉण्डिंगबद्दल, म्हणजे दोन कार्डं एकत्र बांधण्याबद्दल, वाचलं. ते लावू का?

घरात एकच राउटर असेल आणि लॅपटॉप फारसा घराबाहेर जात नसेल तर लावा. ‘अ‍ॅक्टिव्ह-बॅकअप’ प्रकारच्या बॉण्डमध्ये वायर आणि वायफाय मिळून एकच इंटरफेस दिसतो, त्याचा आयपी पत्ता एकच राहतो, आणि केबल काढली तरी एसएसएचसुद्धा तुटत नाही. ‘प्रायमरी’ म्हणून वायरचं नाव द्या, ‘एमआयआयमॉन’ १०० ठेवा, म्हणजे दर १०० मिलिसेकंदांनी लिंक तपासली जाईल. ‘फेल_ओव्हर_मॅक’ला ‘अ‍ॅक्टिव्ह’ देणं आवश्यक आहे, कारण जोडलेल्या वायफाय कार्डाचा मॅक पत्ता (हार्डवेअरचा स्वतःचा पत्ता) मध्येच बदलता येत नाही. ही ओळ राहिली की बॉण्ड वायरवर चालतो आणि वायफायवर जाताच मुका होतो.

फिरत्या लॅपटॉपवर मात्र नको. बॉण्डमध्ये गुंतलेलं वायफाय प्रोफाइल एका विशिष्ट नेटवर्कचं असतं. बाहेर गेल्यावर सगळी मांडणी सोडवत बसावं लागतं. आणि दोन वेगळ्या राउटरांमध्ये बॉण्डचा काहीही उपयोग नाही.

फोन यूएसबीने जोडून टेदरिंग केलं, म्हणजे फोनचं नेट लॅपटॉपला दिलं, तर लॅपटॉप त्यालाच वायर समजतो. का?

कारण यूएसबी टेदरिंग लिनक्सला इथरनेट कार्ड म्हणूनच दिसतं. त्यालाही वायरचं मेट्रिक मिळतं. आधीची वायर १०० वर असेल तर फोनला १०१. वायफायपेक्षा तो कायम पुढेच राहणार. घरी फोन चार्जिंगला लावला आणि टेदरिंग चालू राहिलं, की चांगलं वायफाय सोडून रहदारी फोनवरून जायला लागते.

त्या प्रोफाइलला ‘आयपीव्ही४.रूट-मेट्रिक’ आणि ‘आयपीव्ही६.रूट-मेट्रिक’ ७०० द्या आणि प्रोफाइल पुन्हा जोडा. आकडा त्यानंतरच लागू होतो. आता तो वायफायच्याही मागे राहील. काही फोन दर वेळी नवा मॅक पत्ता घेऊन येतात आणि इंटरफेसचं नावच बदलतं. तेव्हा प्रोफाइल नावाने न बांधता ‘मॅच.ड्रायव्हर’ने बांधा. पुष्कळ अँड्रॉइड फोनांसाठी ड्रायव्हर ‘आरएनडीआयएस_होस्ट’ असतो. असा मागे ठेवलेला फोन आणि कनेक्टिव्हिटी तपासणी, ही जोडी पावसाळ्यात खरोखर उपयोगी पडते: फायबर गेली की वायर आणि वायफाय दोघांनाही २०००० चा दंड, आणि ७०० वाला फोन आपोआप पुढे.

लॅपटॉपला लॅनचा पोर्टच नाही. कुठला अडॅप्टर घेऊ?

लॅमिंग्टन रोडला ढिगाने मिळतात. बाहेरच्या नावापेक्षा आतली चिप विचारा. रियलटेकची आरटीएल८१५३ आणि एएसआयएक्सची एएक्स८८१७९ या गिगाबिट चिपांचे ड्रायव्हर कर्नलमध्येच आहेत. आरटीएल८१५२ ही दिसायला तशीच, पण १०० मेगाबिटपर्यंतच जाते. दुकानात लावून ‘एलएसयूएसबी’ बघता आलं तर उत्तम.

अडॅप्टरचं नाव ‘ईएनएक्स’ आणि पुढे मॅक पत्ता असं येतं. अडॅप्टर लॅपटॉपमध्येच ठेवून नुसती केबल काढली काय, किंवा अडॅप्टरच उपटला काय, अदलाबदल दोन्ही वेळा होते. थोड्या वेळाने वायर आपोआप मेल्यासारखी वाटत असेल तर यूएसबी ऑटोसस्पेंड (वीज वाचवायला यूएसबी झोपवणं) बघा. टीएलपीमध्ये त्या अडॅप्टरचा क्रमांक ‘यूएसबी डिनायलिस्ट’मध्ये टाकता येतो.

वायर लावून काहीच होत नाही. यादीत ‘अनमॅनेज्ड’ दिसतं.

डेबियनवर हे जास्त दिसतं. ‘ईटीसी’, ‘नेटवर्क’, ‘इंटरफेसेस’ या फाइलमध्ये त्या कार्डाचं नाव लिहिलेलं असेल तर नेटवर्कमॅनेजर त्याला हात लावत नाही. इन्स्टॉल करताना वापरलेलं कार्ड तिथे लिहिलेलं राहू शकतं. त्या ओळी काढा, ‘एलओ’ची (लॅपटॉपच्या स्वतःशीच असलेल्या जोडणीची) ठेवा, आणि सेवा रीस्टार्ट करा.

केबलवाल्याची वायर थेट लॅपटॉपला लावली. लिंक आहे, पत्ता नाही.

दोन शक्यता. लाइन पीपीपीओई असेल तर नाव आणि पासवर्डसह वेगळा प्रोफाइल करावा लागतो. किंवा केबलवाल्याने तुमच्या राउटरचा मॅक पत्ता बांधून ठेवला असेल आणि लॅपटॉपचा त्याला अनोळखी. दोन्हींवर माझा सल्ला एकच: मध्ये राउटर राहू द्या, लॅपटॉप राउटरला लावा. गच्चीवरून आलेली तांब्याची केबल वादळी पावसात पोर्ट जाळू शकते; तेव्हा राउटर गेलेला परवडतो, लॅपटॉपचा मदरबोर्ड नाही.

वायरवर वेग वायफायपेक्षा कमी येतो. मग वायरला पहिला मान कशाला?

आधी वायर तपासा. ‘ईथटूल’ आणि इंटरफेसचं नाव द्या. ‘स्पीड’पुढे १०० आलं आणि दोन्हीकडे गिगाबिट पोर्ट असतील तर दोष केबलचा. गिगाबिटला आठही तारा लागतात, १०० मेगाबिटला चारच पुरतात. एखादी तार क्रिंपमध्ये नीट बसली नसेल, किंवा समुद्राच्या हवेने पिना काळ्या पडल्या असतील, तर जोडणी गुपचूप १०० वर उतरते. नवी पॅचकॉर्ड लावून बघा.

राउटरचाच पोर्ट १०० चा असेल आणि ५ गिगाहर्ट्झचं वायफाय खरंच जास्त वेग देत असेल, तर वायफायच्या प्रोफाइलचं मेट्रिक ५० करा. तरीही कॉलसाठी मी वायरच घेईन. दाटीवाटीच्या इमारतीत २.४ गिगाहर्ट्झवर एकमेकांत न मिसळणारी चॅनेल तीनच, १, ६ आणि ११, आणि त्यांवर अख्खा मजला बसलेला असतो. वेगाचा आकडा मोठा दिसला तरी आवाज तुटतो.

ऑफिसच्या लॅनवर फक्त आतले सर्व्हर आहेत, इंटरनेट वायफायवर. दोन्ही एकत्र कसं चालवू?

वायरच्या प्रोफाइलला ‘आयपीव्ही४.नेव्हर-डीफॉल्ट’ ‘येस’ द्या. आतल्या सर्व्हरांकडे जाणारी रहदारी वायरने आणि बाकीची वायफायने जाईल. आतला भाग अनेक सबनेटांत (नेटवर्कच्या तुकड्यांत) पसरलेला असेल तर ‘आयपीव्ही४.रूट्स’मध्ये ते रूट लिहावे लागतात. त्याआधी ऑफिसच्या आयटीवाल्यांना विचारून घ्या.

वायरला ‘ऑटोकनेक्ट-प्रायोरिटी’ जास्त दिली तर ती आधी निवडली जाईल ना?

नाही. तो आकडा एकाच कार्डावरच्या प्रोफाइलांमधला क्रम ठरवतो, म्हणजे घरचं वायफाय आधी की हॉटस्पॉट. वायर की वायफाय हे मेट्रिकच ठरवतं.

नेटवर्कमॅनेजर नको असेल तर?

सिस्टमडी-नेटवर्कडीमध्ये वायरच्या फाइलीत ‘रूटमेट्रिक’ १०० आणि वायफायच्या फाइलीत ६०० लिहा. स्वतःहून तो दोघांना सारखंच १०२४ देतो, म्हणून ही ओळ विसरून चालत नाही. वायफाय जोडायला सोबत आयडब्ल्यूडी किंवा डब्ल्यूपीए सप्लिकंट लागतो. सुरू होताना दोन मिनिटं अडकत असेल तर वायरच्या फाइलीत ‘रिक्वायर्डफॉरऑनलाइन’ला ‘नो’ द्या. कॉनमॅन वापरणाऱ्यांना ‘सिंगलकनेक्टेडटेक्नॉलॉजी’ हा पर्याय आहे, तो एका वेळी एकच जोडणी ठेवतो.

वायर आणि वायफाय एकत्र वापरून वेग दुप्पट करता येईल का?

साध्या मांडणीत नाही. कमी मेट्रिकवाला रूट सगळी रहदारी घेतो, दुसरा नुसता उभा असतो. मल्टिपाथ टीसीपी हे त्यासाठीच बनलं आहे आणि २०२० सालच्या ५.६ आवृत्तीपासून ते लिनक्स कर्नलमध्ये आहे, पण समोरच्या सर्व्हरलाही ते यावं लागतं. स्वतःचा सर्व्हर असेल तर करून बघण्यासारखं आहे. एक जोडणी दोन्ही वाटांनी चालते आणि केबल काढली तरी तुटत नाही.